सेटिंग एकाचं, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात

या शर्यतीत स्पर्धक गाडी चालवत नाहीत. ते कागद पाठवतात. कागदावर पंचवीस-तीस आकडे असतात. पुढच्या स्प्रिंगचा कडकपणा, मागच्या स्प्रिंगचा कडकपणा, चाकं आत-बाहेर किती वळवलेली, गिअरचं गुणोत्तर, डिफरन्शियलचे तीन आकडे, गाडीत जास्तीचं वजन किती किलो टाकायचं आणि ते पुढे सरकवायचं की मागे. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला कुणी अनोळखी माणूस हे आकडे आपल्या प्लेस्टेशनमध्ये भरतो, आठ-दहा फेऱ्या मारतो, वेळ टिपतो आणि खाली शेरा लिहितो. जिंकतो मात्र आकडे लिहिणारा. पाककृतीची स्पर्धा असावी, पण रांधायचं परक्या घरातल्या माणसानं, तसा हा प्रकार. फक्त इथे ‘मीठ चवीनुसार’ लिहून सुटता येत नाही.

‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळणाऱ्यांमध्ये अशा ट्यूनिंग स्पर्धा गेली अनेक वर्षं होत आल्या आहेत. बक्षिसाची रक्कम बहुधा शून्य. टीव्हीवर दिसत नाहीत, प्रायोजक नसतो, आणि भरवणाऱ्याचं नाव गटाबाहेर कुणाला ठाऊक नसतं. तरीही एक स्पर्धा नीट पार पाडायची तर आठवडेच्या आठवडे जातात. त्यातला गाड्यांशी संबंधित वेळ थोडा. उरलेला सगळा नियमांचा, तक्त्यांचा आणि माणसांची समजूत काढण्याचा.

मूळ खेळ जपानमध्ये २३ डिसेंबर १९९७ रोजी सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनवर आला. काझुनोरी यामाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला. पुढे हीच मंडळी ‘पॉलिफनी डिजिटल’ म्हणून ओळखली जाऊ लागली. तोवर गाड्यांचे बहुतेक गेम म्हणजे रंग निवडायचा आणि सुसाट सुटायचं. इथे एखादी जुनी, साधी गाडी विकत घ्यायची, शर्यती जिंकून पैसे जमवायचे आणि त्यातून सायलेन्सर, टर्बो, सस्पेन्शन असं एकेक बसवत जायचं, अशी रचना होती. ही कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. फुजी पर्वताच्या पायथ्याशी १९७३ मध्ये सुरू झालेली ‘एचकेएस’ आणि तिच्यासारखी अनेक दुकानं तेव्हा जपानभर रस्त्यावरच्या गाड्या खोलून त्या दुप्पट जोमाच्या करत होती. टोकियोच्या उत्तरेला, इबाराकी प्रांतातल्या शिमोत्सुमाजवळ त्सुकुबा नावाचा २.०४५ किलोमीटरचा छोटासा ट्रॅक आहे. तिथे एका मिनिटाच्या आत फेरी मारली की त्या दुकानाची कॉलर ताठ व्हायची. दुकानाचा मालक गाडी बांधायचा, चालवायचा मात्र भाडोत्री व्यावसायिक ड्रायव्हर. गेममधली स्पर्धा याच रिवाजाचं गरीब भावंड म्हणायला हरकत नाही.

या मालिकेनं नाव कमावून दिलं ते ड्रायव्हरांना. २००८ मध्ये सोनी आणि निसाननं ‘जीटी अकॅडमी’ सुरू केली. गेममध्ये वेगवान असलेल्या मुलांना निवडून खऱ्या रेस कारमध्ये बसवण्याचा तो उद्योग होता. लुकास ऑर्डोनेझ हा पहिला विजेता. २०११ मध्ये जिंकलेल्या यान मार्डेनबरोवर तर २०२३ मध्ये हॉलिवूडचा चित्रपट निघाला. घरात बसून उत्तम सेटिंग लिहिणाऱ्यावर चित्रपट निघणं अवघड. तक्त्यात ‘मागचा अँटीरोल बार ५ वरून ४’ असं लिहिणाऱ्या माणसाचा क्लोज-अप किती वेळ दाखवणार?

हे आकडे नेमके कशाचे, हे न खेळणाऱ्या वाचकालाही थोडं ठाऊक असतं. टायरच्या दुकानात व्हील अलाइनमेंट करताना मशीनच्या पडद्यावर टो आणि कॅम्बर हे शब्द लाल-हिरव्या रंगात झळकतात, तेच हे. चाकं वरून पाहिली तर एकमेकांकडे वळलेली आहेत की बाहेर, तो टो. समोरून पाहिली तर वरची कड आत झुकली आहे का, तो कॅम्बर. दुकानदार कंपनीनं दिलेल्या आकड्यावर आणून सोडतो. ट्यूनर तिथून पुढे सुरुवात करतो.

सगळ्यांत छळवादी भाग मात्र लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा. वळणावर आतलं चाक हलकं होतं आणि इंजिनची ताकद त्याला गरागरा फिरवण्यात वाया जाते. ती बाहेरच्या चाकाकडे वळवण्याचं काम हा भाग करतो. गेमच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीत त्याचे तीन आकडे, प्रत्येक ५ ते ६० मधला. म्हणजे एकट्या डिफरन्शियलच्या १,७५,६१६ जुळण्या झाल्या. स्प्रिंगला अजून हातही लावलेला नाही. त्सुकुबाच्या दुसऱ्या हेअरपिनमधून बाहेर पडताना मागच्या सरळ रस्त्यासाठी ॲक्सिलरेटर दाबला, की या तिघांपैकी मधला आकडा बोलू लागतो. तो कमी असेल तर आतलं चाक नुसतं धूर काढतं. जास्त असेल तर दोन्ही चाकं एकदमच सुटतात आणि गाडी मागून झोकांडी खाते. तिसरा आकडा ॲक्सिलरेटर सोडताना कामाला येतो. तो वाढवला की ब्रेक लावताना गाडी शहाण्यासारखी सरळ राहते, आणि मग वळायलाच तयार होत नाही. गिअरचंही तसंच. मागच्या सरळ रस्त्याच्या शेवटी, लांबलचक उजव्या वळणाच्या तोंडाशी, वरचा गिअर टाकावा लागणार असेल तर तो क्षण फुकट जातो. म्हणून जाणकार ट्यूनर फायनल गिअर इतका बेतून लावतो, की इंजिन लाल रेषेला टेकता टेकता ब्रेकची खूण येते.

आता भरवणाऱ्याकडे येऊ.

पहिला प्रश्न, गाडी कोणती? हौशी संयोजक आपली लाडकी गाडी निवडतो आणि तिथेच फसतो. गेमच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०२२ मध्ये आलेल्या ग्रॅन टुरिस्मो ७ मध्ये, १९८९ ची युनोस रोडस्टर आहे. हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, शिकायला नामी. पण ती मिळते सेकंडहँड गाड्यांच्या दुकानात आणि तिथला माल सतत बदलतो. परीक्षण करणाऱ्या आठ जणांपैकी तिघांना ती त्या आठवड्यात मिळतच नाही आणि बाकीच्यांच्या गाड्या वेगवेगळे किलोमीटर पळालेल्या निघतात. या खेळात गाडी झिजते. तेल जुनं झालं की ताकद उतरते, सांगाड्याचा ताठपणा कमी होतो, इंजिन ओव्हरहॉल करावं लागतं. मग फरक सेटिंगचा पडला की तेलाचा, हे कोण सांगणार? म्हणून अनुभवी माणूस शोरूममध्ये कधीही नवी मिळणारी गाडी धरतो. त्याच रोडस्टरचा २०१५ चा अवतार, ९९० किलोचा, दीड लिटर इंजिनचा. नियम लिहितो: नवी गाडी घ्या, तेल बदला, सांगाडा मजबूत करून घेऊ नका.

तरी एक मेख राहतेच. सातव्या आवृत्तीत गाडीचं वजन एकदा उतरवलं की ते काम सहजासहजी उलटवता येत नाही. इंजिनावरची काही कामंही तशीच, मागे फिरायचं तर इंजिनच बदलावं लागतं. बारा जणांनी बारा सेटिंग पाठवली आणि प्रत्येकात अशी कामं वेगवेगळी असली, तर परीक्षण करणाऱ्यानं बारा गाड्या घ्यायच्या? खेळातले असले तरी पैसे लागतातच, आणि ते कमवायला तासन् तास खेळावं लागतं. शहाणा संयोजक म्हणून कायमस्वरूपी कामांची यादी स्वतःच ठरवून देतो: एवढी सगळ्यांनी करायची, बाकी कुणीही नाही. ट्यूनर मंडळी कुरकुरतात. त्यांच्या हातातला अर्धा मसाला काढून घेतल्यासारखं होतं खरं, पण त्यामुळे परीक्षक पळून जात नाहीत. माझ्या मते स्पर्धा टिकते ती परीक्षकांवर. ट्यूनर काय, ढिगानं मिळतात.

टायर कोणता हेही संयोजकच ठरवतो आणि इथे अनुभवी लोक कंजुषी करतात. रेसिंग टायर दिले की भिकार सेटिंगही रस्त्याला चिकटून धावतं. स्पोर्ट्स हार्ड दिले, काहींच्या मते तर कम्फर्ट टायर, की गाडीतलं प्रत्येक व्यंग उघडं पडतं.

मग येतात परफॉर्मन्स पॉइंट, ज्यांना सगळे नुसतं ‘पीपी’ म्हणतात. गाडी किती जलद धावेल याचा खेळानंच काढलेला अंदाज. संयोजक मर्यादा घालतो, समजा ४५०. सातव्या आवृत्तीत हा आकडा दशांशाच्या दोन घरांपर्यंत दिसतो, त्यामुळे ४५०.०३ घेऊन येणारा आणि ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणणारा एक तरी गडी प्रत्येक स्पर्धेत असतो. त्याला बाद करायचं. इथे दयाबुद्धी दाखवली की पुढच्या वेळी ४५०.४० येतो.

पण पीपी म्हणजे काही देववाणी नव्हे. ते एक गणित आहे आणि गणिताला फसवता येतं. सातवी आवृत्ती आल्यावर काही महिन्यांतच लोकांना कळलं, की डॉजच्या ‘टोमाहॉक एक्स’ या अचाट काल्पनिक गाडीची सेटिंग विशिष्ट तऱ्हेनं वेडीवाकडी केली की तिचा पीपी कोसळतो. ६०० पीपीची मर्यादा असलेल्या टोकियोच्या शर्यतीत लोक ही गाडी घेऊन उतरू लागले आणि बाकीच्यांना फेऱ्यांवर फेऱ्या मागे टाकून पैसे उपसू लागले. पुढे पॉलिफनीनं ती वाट बुजवली. संयोजकानं त्यातून घ्यायचा तो धडा घेतला. नुसत्या पीपीवर भिस्त नको. कमाल अश्वशक्ती आणि किमान वजन हे दोन्ही वेगळे लिहायचे आणि सेटिंगच्या पडद्याचा फोटो मागायचा.

फोटो मागण्याला आणखी एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘फोर्झा’ मालिकेत आपलं सेटिंग थेट इतरांना उतरवून घेता येतं आणि घेणाऱ्याला आतले आकडे दिसत नाहीत. ट्यूनरचं गुपित शाबूत राहतं. ग्रॅन टुरिस्मोमध्ये ही सोय वर्षानुवर्षं नव्हती. आकडे एक एक करून लिहायचे आणि समोरच्यानं एक एक करून भरायचे. यात चूक होणारच. पुढचा टो मागे भरला जातो, बाहेरचा टो आतला होतो, उणे चिन्ह गळतं. मग ट्यूनर ओरडतो, की माझी गाडी अशी वागूच शकत नाही. कधी तो बरोबर असतो. परीक्षकानंही भरलेल्या सेटिंगचा फोटो परत पाठवायचा, हा नियम बहुधा अशा एखाद्या भांडणानंतरच कागदावर येतो. या गैरसोयीचा एक फायदाही झाला. सगळे आकडे उघडे असल्यामुळे नवखा माणूस जाणत्याचा तक्ता समोर ठेवून शिकू शकला. यानं मागचा टो एवढा का दिला? त्यानं वजन पुढे का सरकवलं? फोर्झातल्या मंडळींना हे शिक्षण इतक्या सहज मिळालं नाही.

अर्थात हे आकडे खेळाचे आहेत, खऱ्या गाडीचे नव्हेत, याची जाणीव ठेवावी लागते. डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत सुरुवातीला कॅम्बर दिला की पकड वाढण्याऐवजी घटते, असं ट्यूनर मंडळींना आढळलं. खऱ्या रेस कारवर चाकं आत झुकवतात ती वळणावर टायर पूर्ण टेकावा म्हणून. इथे मात्र भलेभले पुस्तकी ज्ञान गुंडाळून ठेवून ०.० लिहू लागले. वाचून आलेल्या इंजिनिअरांची यात फार गंमत व्हायची.

परीक्षक कसे निवडायचे? सगळे वेगवान नकोत. स्टिअरिंग व्हील लावून खेळणारे काही हवेत आणि साध्या कंट्रोलरवर अंगठ्यानं वळवणारे काही हवेत, कारण तेच सेटिंग दोघांना दोन तऱ्हेचं लागतं. अंगठ्यानं दिलेला झटका खेळ थोडा मऊ करून चाकांपर्यंत पोचवतो. व्हीलवर तो जसाच्या तसा पोचतो. ट्रॅक्शन कंट्रोल बंद की १ वर, एबीएस कोणतं, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं. शिवाय परीक्षक स्वतः ट्यूनर नसावा. आणि असलाच, जे लहान गटात टळत नाही, तर त्यानं स्वतःच्या गाडीला गुण द्यायचे नाहीत.

नावं झाकायची. क, ख, ग असं करून तक्ते वाटायचे. हेही पूर्ण साधत नाही. फार दिवस एकत्र खेळलेले लोक आकड्यांवरूनच ओळखतात. अमुक जण नेहमी मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच ठेवतो, तमुक जण गाडी जमिनीला घासत नेतो. अक्षर ओळखावं तशी सेटिंगची धाटणी ओळखू येते.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे क्रम. आठवी गाडी चालवेपर्यंत परीक्षकाचा हात बसलेला असतो, ट्रॅक अंगवळणी पडलेला असतो, आणि क गाडीवर हा सराव होतो. म्हणून प्रत्येक परीक्षकाला वेगळा क्रम द्यायचा. सुरुवातीला आणि शेवटी एक कोरी, न छेडलेली गाडी चालवायला लावायची. त्या दोन वेळांमधला फरक म्हणजे माणसात झालेली सुधारणा. तेवढी वजा केली की उरतं ते सेटिंगचं. हे काम कंटाळवाणं आहे. पण ज्या संयोजकानं हे टाळलं त्याच्या निकालात पहिल्या नंबरावर कोण आलं, तर जो यादीत शेवटी होता तो.

आता गुण. इथे खरी मारामारी आहे. समजा दोन परीक्षक आणि दोन गाड्या. पहिला पट्टीचा ड्रायव्हर: क गाडीनं १ मिनिट ०७.४ सेकंद, ख गाडीनं १ मिनिट ०७.९. दुसरा बेताचा: क गाडीनं १ मिनिट ११.२, ख गाडीनं १ मिनिट १०.६. क्रमांकानं मोजलं तर एक-एक, बरोबरी. सरासरी काढली तर क १ मिनिट ०९.३०, ख १ मिनिट ०९.२५; ख जिंकली. सगळ्यांत जलद एकच फेरी धरायची असं नियमात असेल तर क जिंकली, आणि तीही सरळ. तीन पद्धती, तीन निकाल, आणि तिन्ही प्रामाणिक.

क ही नाचरी गाडी आहे. मागून सैल, चटकन वळणारी. ज्याच्या हातात कसब आहे त्याला ती अर्धा सेकंद कमावून देते. बेताच्या माणसाला ती एका फेरीत दोनदा गवतावर नेते. ख समंजस आहे. मग उत्तम ट्यूनर कोणता? माझं मत ख च्या बाजूचं आहे. ज्याला स्वतःच्या हातासाठी गाडी बांधायची आहे त्यानं शर्यतीत भाग घ्यावा. सेटिंगची स्पर्धा ही परक्या हाताची परीक्षा आहे. पण याच्या नेमकं उलट मत असणारे तितकेच ठाम आहेत आणि ते म्हणतात, की घड्याळ सोडून शेऱ्यांना गुण दिलेत तर ती सौंदर्यस्पर्धा होईल. त्यांचंही चूक नाही. ‘हेअरपिनवर पुढून सरळ जाते, बाकी झकास’ या शेऱ्याला दहापैकी किती द्यायचे? म्हणून बरेच संयोजक दोन्ही ठेवतात. काही वाटा घड्याळाचा, काही पसंतीचा. हा वाटा किती, हे पहिला तक्ता येण्याआधी जाहीर झालं पाहिजे. तक्ते आल्यावर ठरवलेला वाटा हा नियम राहत नाही, तो निकाल होतो.

मुदतीचाही एक छोटा घोळ. ‘रविवारी रात्री बारापर्यंत’ असं लिहिलं की कोणाच्या बारापर्यंत? ग्रीनिचच्या मध्यरात्रीला पुण्या-मुंबईतल्या खेळाडूच्या घड्याळात सोमवारचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. त्याचं भलंच होतं, त्याला रविवारची अख्खी रात्र मिळते. कॅलिफोर्नियातल्याचा रविवार दुपारीच संपतो.

आणि एवढं सगळं जमून आल्यावर कंपनी अपडेट सोडते. १७ मार्च २०२२ च्या अपडेटनंतर ग्रॅन टुरिस्मो ७ चं सर्व्हर तीस तासांहून अधिक काळ बंद होतं. खेळ जवळजवळ पूर्णपणे ऑनलाइनवर अवलंबून असल्यानं लोकांना आपल्याच गाड्यांना हात लावता येईना. ते निदान सरळ संकट होतं, तारीख पुढे ढकलली की झालं. जुलै २०२४ च्या अपडेटनं वेगळीच तऱ्हा केली. सस्पेन्शन आणि टायरचं गणित बदललं, आणि काही गाड्या उभ्या जागी थडथडू लागल्या, उसळ्या मारू लागल्या. काही तर चेंडूसारख्या आभाळात उडाल्या. लोकांनी त्याचे व्हिडिओ काढून पोट धरून हसून घेतलं. काही दिवसांत कंपनीनं दुरुस्तीही केली. पण अर्धे परीक्षक आधीच्या शुक्रवारी चालवून मोकळे झालेले आणि अर्धे या रविवारी चालवणार, अशा बेतात सापडलेल्या संयोजकाला हसू येणं कठीण. पीपीचे आकडेही अशा वेळी हलतात. काल ४४९.८० असलेली गाडी आज मर्यादेबाहेर. सगळं पुन्हा चालवायचं, की जुन्या वेळा धरायच्या? अनुभवी नियमावलीत याचं एक वाक्य असतं: परीक्षणाच्या काळात अपडेट आलं तर आधीच्या सगळ्या वेळा रद्द. वाक्य सोपं आहे. ते दहा जणांना कळवणं, त्यांनी मारलेल्या शे-सव्वाशे फेऱ्या पाण्यात गेल्या हे सांगणं, आणि त्यातल्या आठांना पुन्हा बसवणं हे खरं संयोजन. दोघं निघून जातातच.

निकालाच्या दिवशी झाकलेली नावं उघडतात. त्यानंतरची चर्चा बहुतेक वेळा पहिल्या नंबराची नसते, चौथ्या-पाचव्याची असते. ‘तुझी मागची स्प्रिंग एवढी मऊ असूनही गाडी मागून बसत कशी नाही?’ मग कुणी तोच तक्ता घेऊन एक आकडा बदलतो, पुन्हा चालवतो आणि कळवतो. पाचव्या आवृत्तीच्या ऑनलाइन सेवा मे २०१४ अखेर बंद झाल्या, सहावीच्या मार्च २०१८ मध्ये. त्या काळचे लिहिलेले तक्ते मात्र आजही चालतात. जुना कन्सोल जोडायचा, आकडे भरायचे आणि त्सुकुबावर निघायचं.

पुढच्या फेरीसाठी गाडी सुचवा असं संयोजकानं म्हटलं, की सूचनांचा पाऊस पडतो. बहुतेकांना मागच्या चाकांवर चालणारं, हलकं, देखणं काही हवं असतं. ज्याला ट्यूनरांची हाडं खिळखिळी करायची असतात तो पुढच्या चाकांवर चालणारी, नाक जड असलेली एखादी कौटुंबिक गाडी काढतो आणि वर स्पोर्ट्स हार्ड टायर देतो. नावनोंदणी निम्म्यावर येते. आलेले तक्ते मात्र वाचण्यासारखे असतात.